लागलं का?

"कल्पे, तू तिला परत वर चढवलंस हे आतापर्यंत कुणाकुणाला सांगितलंयस?" फोन उचलल्या उचलल्या नंदूने एवढंच विचारलं, आणि कापायला घेतलेला बोंबील माझ्या हातात तसाच राहिला. नंदू आमच्या व्यायाम मंडळाचा वकील. वकील व्हायच्या आधी तो भटवाडीच्या चढावर माझ्याबरोबर लगोरी खेळायचा आणि हरला की रडायचा, त्यामुळे त्याच्या काळ्या कोटाचा मला फारसा धाक नाही. पण या प्रश्नाने मी चपापले. तेजल मल्लखांबावरून पडली आणि मी तिला लगेच परत वर चढवलं, ही गोष्ट मी कधी लपवली नव्हती. लपवण्यासारखं तिच्यात काही आहे हेच मुळी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, कुणी विचारलंच नाही अजून. "झकास," नंदू म्हणाला, "मग आता कुणी विचारलं तरी सांगू नकोस." आणि मग तो मला कायदा समजावून सांगायला लागला. हे त्याला फार आवडतं.

"ऐक. पोरं खेळतात, पोरं पडतात. कोर्टालाही ते कळतं. पोरीला मल्लखांबाला घालताना आईबापालाही ते माहीत असतं. गादी होती, तू खाली उभी होतीस, तिची पायांची अढी सुटली, पडली. ह्यात तुझी जबाबदारी शून्य, हे मी कुठेही छाती ठोकून सांगीन. पण पडल्यावर, हात दुखावलेला असताना तू तिला परत वर पाठवलंस ना, तर तो खेळ राहत नाही यार. तो निष्काळजीपणा झाला. तिथे माझी बोलती बंद."

"पण तो माझा नियम आहे."

"हे तर अजिबात बोलू नकोस! नियम आहे म्हणालीस की आणखी वाट लागली. म्हणजे तू प्रत्येक पोरीबरोबर हेच करतेस."

"करतेच."

"माझे आई, गप्प बस. हर्षदने, पोरीच्या बापाने, नोटिशीत पडणं आणि परत चढवणं दोन्ही लिहिलंय, पण दुसऱ्याला त्याच्याकडे पुरावा नाही. डॉक्टर म्हणाला, हाडाला आधी चीर गेली आणि मग ते सरकलं. कसं सरकलं ते ती पोरगी सांगणार. आणि ती काय सांगतेय माहीत आहे? बाई नको नको म्हणत होत्या, मीच चढले. आईबापालाही तेच, डॉक्टरलाही तेच. बाकीच्या पोरीही तेच म्हणतायत. मी तुला खोटं बोल म्हणत नाहीये, कल्पे. संध्याकाळी आईबापाबरोबर बैठक आहे, तिथे फक्त मान खाली घालून बस. तुझा वर्ग वाचेल."

फोन ठेवला आणि मी पुन्हा बोंबलांकडे वळले, पण हात चालेना. तेजलने असं सांगितलं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. पडल्यानंतर दवाखान्यात एकदा पाहिलं होतं तिला, तेव्हा ती गुंगीत होती. मग ऑपरेशन झालं, कोपरात तारा घातल्या, आणि नोटीस आल्यावर मंडळाने मला तिच्या घराकडे फिरकू नकोस असं बजावलं. हर्षद आणि दिपाली, तेजलचे आईवडील, वाईट माणसं नाहीत. दिपालीनेच तेजलचा हात माझ्या हातात दिला होता. तेव्हा ती पोर आईच्या ओढणीमागे लपून एक डोळा तेवढा बाहेर काढत होती. "बाई, फार भित्री आहे हो ही. झुरळ दिसलं तरी घर डोक्यावर घेते. जरा धीट करा हिला." केली मी. आज अकरा वर्षांची ती मुलगी मल्लखांबाच्या टोकावर, ज्याला आम्ही बोंड म्हणतो त्यावर, एका पायावर उभी राहून हात जोडते तेव्हा खाली रस्त्यावरून जाणारे रिक्षावाले गाडी हळू करतात. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी कुणी पोलिसात आहे, एक बोटीवर इंजिनियर आहे, आणि एकीने सासरच्या माणसांना असं सरळ केलंय की अजून त्या गल्लीत तिचं नाव निघतं. हे सगळं मी केलं असं मी म्हणणार नाही, पण यातलं थोडं तरी मी केलं हे मला पक्कं माहीत आहे. मी काही गरीब बिचारी बाई नाही. मी चांगली शिकवते. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुणालाही विचारा.

तो दिवस मला सगळाच्या सगळा आठवतो, त्यात काही धूसर नाही. परीक्षा संपल्याची संध्याकाळ, मुली हुंदडायच्या मूडमध्ये, खांबाला नुकतंच एरंडेल लावलेलं, त्याचा वास. तेजल बोंडाच्या खाली मांड्यांची अढी घालून उलटी लटकली होती आणि हात सोडून पुढची पकड घेणार, तेवढ्यात अढी सुटली. मी हात घातला, तिचा दंड माझ्या बोटांना लागला आणि तेलकट कातडी सटकन निघून गेली. ती गादीवर पडली, एक हात खाली टेकून. आमच्या वर्गाची एक रीत आहे. कुणी पडलं की सगळ्या मुली असतील तिथून एका सुरात ओरडतात, "लागलं का?" आणि पडलेलीने उठून, अंग झटकत, त्यांच्याहून मोठ्या आवाजात ओरडायचं, "नाही!" मग टाळ्या. मग तिने एकदा परत वर चढायचं, सलामी द्यायची आणि उतरायचं. त्याशिवाय घरी जायचं नाही. नवीन मुलींना या ओरडण्याचं इतकं आकर्षण असतं की काही जणी मुद्दाम पडतात. तर त्या दिवशीही मुली ओरडल्या, तेजल उठली, "नाही!" म्हणाली, टाळ्या झाल्या. मी म्हटलं, चल, सलामी दे आणि उतर. ती चढली. वर जाऊन तिने दोन्ही हात जोडले. उतरताना तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि जमिनीवर पाय टेकताच ती माझ्या अंगावर कोसळली. तोवर कोपर वेगळ्याच दिशेला वळलं होतं.

"खरा तां सांगून टाक," आई म्हणाली. माझी आई मंजुळा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून कोथिंबीर निवडत होती. फोनचा आवाज मी मोठा ठेवते, त्यामुळे नंदूचा कायदा तिने पूर्ण ऐकला होता. मी म्हटलं, सांगणारच आहे. गप्प बसायला मी काय चोरी केलीय? मी जाणार आणि सांगणार, हो, मी चढवलं, आणि उद्या दुसरी कुणी पडली तर तिलाही चढवीन. कारण जी मुलगी पडल्या पडल्या घरी जाते ती परत येत नाही. ती भीती रात्रभर अंथरुणात तिच्याबरोबर झोपते आणि सकाळी तिच्याहून मोठी होऊन उठते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. धोंडू मास्तरांनी मला हे असंच, हाताला धरून शिकवलं.

धोंडू मास्तर बाबांचे गिरणीतले दोस्त. गिरण्या बंद पडल्यावर दोघंही घाटकोपरला आले, बाबा वॉचमन झाले आणि मास्तरांनी डोंगराच्या कडेला दोरीचा मल्लखांब बांधला. चाळीतल्या मुलींनी वर दोरीला लटकणं तेव्हा लोकांना पटत नव्हतं, आणि मास्तरांना लोकांचं काही पडलेलं नव्हतं. मी दहा-अकराची असेन. दोरीवरून घसरले, डाव्या मनगटावर पडले. मास्तर वाकून माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाले, "लागला काय गो?" मी म्हटलं, नाय मास्तर. "मग चढ परत. आता घराक गेलंस तर उद्या येवचंस नाय." मी चढले. वरून खाली पाहिलं तेव्हा अख्खी भटवाडी दिसली, कौलं, पत्रे, वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या रांगेतल्या बायका, आणि त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. त्या क्षणावर मी पुढचं आयुष्य काढलं म्हटलं तरी चालेल. दहावीला नापास झाले, दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन फॉर्म भरला. लग्न मोडलं, दुसऱ्या संध्याकाळी वर्गावर उभी होते, मुलींना कळलंसुद्धा नाही. बाबा गेले तेव्हाही. पडलं की परत चढायचं, यात विचार करण्यासारखं मला कधी काही वाटलंच नाही, आणि हाच निष्काळजीपणा असेल तर मी सगळं आयुष्य निष्काळजीपणे जगले. चला, कोर्टाला तसं सांगू, मी म्हटलं, आणि मला जरा हसूही आलं.

आई हसली नाही. कोथिंबिरीची काडी हातात धरून ती माझ्याकडे पाहत राहिली. "तां लोकांका सांगतस तितकाच तुका आठवता काय गो? त्या रातीचा नाय आठवना?"

"कुठल्या रात्रीचं?"

"दोरयेवरना पडलंस त्या रातीचा. मनगट सुजान ह्या एवढा झाला होता. हळद लावली, पट्टो बांधलो. निजेत रडत होतंस रातभर. मी हलवन जागा केला की डोळे पुसून म्हणायचंस, नाय आये, दुखना नाय. परत डोळो लागलो की परत कण्हायचंस. चार दिवस तसाच चालला. बापाशीक तर सांगूकच दिलंस नाय. मास्तर वर्गावरना काढून टाकतलो म्हणान."

इतकी वर्षं ही गोष्ट मी शेकडो मुलींना सांगितली, आणि ती नेहमी दोरीच्या टोकावर संपायची, भटवाडी दिसायची तिथे. त्यानंतर मी खाली उतरले असणार, घरी गेले असणार, जेवले असणार, हे कधी मनातच आलं नाही. आई खोटं बोलत नव्हती. तिला गोष्टी रचता येत नाहीत. मी उठले, बोंबील झाकून ठेवले, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायला नळाखाली ओंजळ धरली. माझी ओंजळ डाव्या बाजूने कलती असते. डावा तळवा पूर्ण वर वळत नाही, पाणी त्या बाजूने गळून जातं, आणि मी ते भरून घ्यायला दोन वेळा जास्त पाणी घेते. कधीपासून? मला वाटायचं, माझा हातच तसा. काही जणांचं नाक वाकडं असतं तसा. त्या सुजलेल्या हाताने मी दुसऱ्या दिवशी दोरी धरली असणार. दुखलं असणार. किती दुखलं असेल ते आता मला आठवेना, पण ते विसरण्यासाठी त्या मुलीने केवढे कष्ट घेतले असतील ते मात्र नळाखाली उभं राहून एकदम कळलं. मी त्या मुलीवर रागावले. मूर्ख पोरी, सांगायचं नाहीस का? आणि मग वाटलं, तिने कुणाला सांगायचं? विचारणाऱ्याने एकच उत्तर घेऊन यायचं, आणि तिने दुसरं कुठून आणायचं?

बैठक सहाला होती. भटवाडीचा उतार मी पाठ असल्यासारखा उतरते, पण त्या दिवशी पावलं जपून टाकत होते. डेअरीशी माझ्या वर्गातल्या तीन-चार मुली थांबल्या होत्या, वर्ग बंद असूनही केस घट्ट बांधून, वर्गाच्या कपड्यांत. रुचिरा त्यांची म्होरकी. ती पुढे आली आणि मोठ्या बाईसारखं म्हणाली, "बाई, तुम्ही टेन्शन नका घेऊ. आम्ही सगळ्या तेच सांगणार आहोत."

"तेच म्हणजे काय गं?"

"की तेजल स्वतःच चढली. तुम्ही नाही नाही म्हणत होतात."

"आणि खरं मी काय म्हणत होते?"

रुचिराने मैत्रिणींकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही म्हणालात, चल, सलामी दे आणि उतर."

"तिने हात असा धरला होता, बाई," त्यांच्यातली सगळ्यात लहान मुलगी मध्येच म्हणाली आणि तिने आपला हात दुमडून पोटाशी धरून दाखवला, दुसऱ्या हाताने झाकून, कुणी मांजराचं पिल्लू लपवून नेतं तसा.

मी तो हात पाहिला होता का? पाहिला होता. धूळ झटकली ती तेजलने एकाच हाताने. माझ्या डोळ्यांनी ते पाहिलं होतं आणि कानांनी 'नाही' ऐकलं होतं, आणि मी कानांवर विश्वास ठेवला. तीस वर्षं मुलींची शरीरं वाचतेय मी. कुणाचा पाय कापतोय, कुणाची पाळी आलीय, कुणी जेवून आलंय हे मला दुरून कळतं. आणि पोटाशी धरलेला हात मी वाचला नाही, कारण उत्तर मिळालं होतं आणि ते मला आवडलं होतं. मी त्या लहान मुलीला विचारलं, "तू तेव्हा का नाही बोललीस?" तिला माझा प्रश्न विचित्र वाटला असावा. "तिने 'नाही' म्हटलं ना, बाई," ती म्हणाली. मुली माझ्यामागून चालायला लागल्या. मी त्यांना परत पाठवलं नाही. मला आता बरं वाटत होतं, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. घरून निघताना मी कशाची तरी बाजू घेऊन भांडायला निघाले होते आणि ती बाजू मला पुरती दिसत नव्हती. आता दिसत होती. मल्लखांब चुकीचा नव्हता, पडणं चुकीचं नव्हतं, परत चढणंही चुकीचं नव्हतं. आमचा तो आरडाओरडा, ज्याचा मला एवढा अभिमान, त्यात प्रश्न विचारलाच जात नव्हता. आणि आता अकरा वर्षांची पोर तोच 'नाही' घेऊन माझ्यासाठी सगळ्यांसमोर उभी राहणार होती. ते मी होऊ देणार नव्हते, मग वर्ग राहो की जावो.

मंडळाच्या हॉलमध्ये मारुतीच्या तसबिरीखाली अध्यक्ष भिकाजीकाका बसले होते, बाजूला नंदू, समोर हर्षद आणि दिपाली, आणि त्यांची वकील रश्मी म्हणून एक तरुण मुलगी, आवाज हळू आणि नजर सरळ. तेजल आईला चिकटून बसली होती. हात गळ्यात अडकवलेला, चेहरा उतरलेला, पण मला बघताच तिने पाठ ताठ केली आणि डोळ्यांनी मला खूण केली. मी आहे, काळजी करू नका, अशी ती खूण होती. खिडकीतून मैदानावरचा खांब दिसत होता, त्याला गोणपाट गुंडाळून ठेवलं होतं. भिकाजीकाका खाकरून म्हणाले की आपण सगळे एका गावची माणसं असल्यासारखी, कोर्टकचेरी कशाला. हर्षद म्हणाला, "काका, मला कुणाला जेलमध्ये टाकायचं नाहीये. उपचाराचंही मी बघून घेईन. मला फक्त कळायला हवं, माझ्या मुलीचा हात वाकडा झाला तो कसा झाला. आणि चूक असेल तर हा वर्ग बंद व्हायला हवा. उद्या दुसऱ्या कुणाच्या पोरीचं असं होऊ नये." रात्र रात्र जागलेला माणूस दिसत होता तो.

रश्मीने माझ्याकडे वळून विचारलं, "कल्पिताताई, मुलगी पडल्यावर तुम्ही नक्की काय केलंत?"

टेबलाखाली नंदूचा बूट माझ्या पायावर आला. मी पाय काढून घेतला. "मी तिला परत वर चढवलं," मी म्हटलं.

नंदूने डोळे मिटून घेतले. आणि तेजल ताडकन उठली.

"खोटं आहे! बाई खोटं बोलतायत. मीच चढले. त्या नको म्हणाल्या होत्या. रुचिराला विचारा, सगळ्यांना विचारा!" दाराशी मुली जमल्या होत्या. रुचिरा तोंड उघडून काहीतरी म्हणणार होती, पण माझ्याकडे पाहून थांबली.

"तेजल," मी म्हटलं, "बस."

"नाही बसणार! तुम्ही असं का करताय? आता हे तुम्हाला काढून टाकतील ना! मग आम्हाला कोण शिकवणार?" तिचा चांगला हात मुठीत वळला होता. केवढी रागावली होती माझ्यावर. माझ्यासाठी तिने एवढा मोठा किल्ला बांधला होता आणि मी तो तिच्यादेखत लाथेने पाडत होते. दिपाली मुलीकडे पाहत होती, मग माझ्याकडे, मग परत मुलीकडे. मी उठून तेजलसमोर जाऊन बसले, खाली, फरशीवर, म्हणजे तिला माझ्याकडे खालून वर बघावं लागू नये. नंदू "कल्पे, कल्पे" असं काहीतरी पुटपुटत होता. मी बाकी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, कारण ते सगळ्यांनी ऐकायला हवं होतं, "ही पडली तेव्हा हिचा हात पोटाशी धरलेला मी पाहिला. ही 'नाही' म्हणाली आणि मी तेवढ्यावर हिला वर पाठवलं. हिने काही चूक केली नाही. मी शिकवलं तेच केलं हिने. जबाबदारी माझी आहे." मग तेजलला म्हटलं, "त्या दिवशी आपण सगळ्यांनी ओरडून विचारलं होतं. आज मी एकटी विचारते. लागलं का?"

तिच्या ओठांनी शब्द आधीच तयार ठेवला होता. सवयीने तिची मान वर गेली, छाती भरली, दाराशी कुणीतरी टाळी वाजवायला हातसुद्धा उचलले. मी थांबले. मी कधी थांबत नाही. प्रश्न विचारून उत्तराची वाट बघण्याची मला सवयच नव्हती, आणि ते थांबणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. तिची छाती तशीच भरलेली राहिली. डोळे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते, यात काही डाव आहे का, चुकीचं उत्तर दिलं तर काय. मी माझा डावा हात तिच्यापुढे केला, जमेल तेवढा वर वळवला आणि अर्ध्यावर अडलेला तो तळवा तिला दाखवला. "माझा पण," मी हळूच म्हटलं. "मी पण नाही म्हणाले होते."

तिने त्या हाताकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. मग, इतक्या हळू की दिपालीला पुढे वाकावं लागलं, "खूप लागलं होतं, बाई. वर गेल्यावर हात जोडता येत नव्हते. तरी मी जोडले. आत काहीतरी कटकन वाजलं. मला उतरताच येत नव्हतं."

"मला का नाही सांगितलंस गं?" दिपाली म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. तेवढं पुरलं. तेजलने तोंड उघडलं आणि ती रडायला लागली. सगळा वेळ माझ्यासमोर उभी असलेली ती धीट, टोकावर एका पायाने उभी राहणारी मुलगी कुठल्या कुठे गेली, आणि त्या ओढणीमागची पोर, नाक गळणारी, हुंदके घेत श्वास विसरणारी, बाहेर आली. एवढ्या वर्षांत मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते मला अभिमानाचं वाटायचं. हर्षद खुर्चीतून अर्धवट उठून तसाच राहिला. रश्मीने पेन खाली ठेवलं. नंदू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "संपलं सगळं, कल्पे. आता मी काहीच करू शकत नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे रे. आणि खरंच माहीत होतं. वर्ग बंद होईल, कदाचित खांबही उखडतील, आणि कोर्टात माझ्याच तोंडची वाक्यं मला वाचून दाखवतील. ती मी ऐकेन आणि हो म्हणेन.

भिकाजीकाकांना मुलींचं रडणं सोसत नाही. ते खुर्ची सरकवत उठले आणि तेजलच्या डोक्यावर हात ठेवायला वाकले. "अगो शूर ना तू? वाघीण ना आमची? शूर मुली रडतात काय कधी..." मी त्यांचा हात मनगटाशी धरला आणि बाजूला केला. ते चकित होऊन माझ्याकडे बघायला लागले. दारातल्या मुलीही बघत होत्या, आणि त्यांच्यातल्या त्या सगळ्यात लहान मुलीने आपला हात नकळत परत पोटाशी धरला होता. तेजलचं रडणं हॉलभर घुमत होतं, खिडकीतून बाहेर मैदानावर जात होतं. बराच वेळ ते चाललं. मी तिच्यासमोर फरशीवर बसून राहिले आणि ते संपेपर्यंत कुणालाही तिला गप्प करू दिलं नाही.